आपल्या पायाचं माप

(बुलढाणा इथे महिला मंडळांच्या आणि बचत गटांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्यातला मोकळेपणा शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)

मैत्रिणींनो,

माझ्या वाट्याला आलेला विषय आहे पोरींचं धावणं आणि त्यांच्या पायातले बूट. सकाळच्या सत्रात आपण मारहाणीवर बोललो, पोटगीवर बोललो, रोजगार हमीच्या थकलेल्या मजुरीवर बोललो. त्यानंतर आता बुटांवर बोलायचं म्हटल्यावर मागच्या रांगेत दोघीतिघी हसल्या. त्यांचं काही चुकलं नाही. जिथे दवाखान्याला पैसे नसतात तिथे बुटांचं काय घेऊन बसलात, असं वाटणारच. पण एक आठवून पाहा. मारहाण हा ‘घरातला मामला’ होता, तो आपण चव्हाट्यावर आणला. बाईचं घरकाम हे ‘काम’च नव्हतं, ते काम आहे हे आपण मोजून दाखवलं. ज्या गोष्टी किरकोळ म्हणून बाजूला टाकल्या जातात, त्या कुणासाठी किरकोळ असतात आणि कुणाला जड जातात, हा प्रश्न आपण नेहमी विचारत आलोय. तोच आज बुटांच्या बाबतीत विचारायचा आहे.

आपल्या जिल्ह्यात पहाटे पाचच्या सुमाराला बाहेर पडून पाहा. घाटावर चिखली-मेहकरच्या रस्त्याला, घाटाखाली खामगाव-शेगावच्या रस्त्याला पोरी धावताना दिसतात. दोघीतिघी मिळून, ओढणी कमरेला बांधून. काहींच्या मागे मोटारसायकलवर बाप नाहीतर भाऊ असतो. या पोरी शर्यतीसाठी धावत नाहीत. बहुतेक जणी पोलीस भरतीची तयारी करतात. महाराष्ट्र सरकारने १९९४ साली पहिलं महिला धोरण जाहीर केलं. सरकारी नोकरीत बायांसाठी तीस टक्के जागा आज राखीव आहेत. आज ज्या पोरी खाकीचं स्वप्न पाहतात, त्यांच्या मागे ही जागा आहे, आणि ती जागा मिळावी म्हणून बोलणाऱ्या, भांडणाऱ्या आधीच्या पिढीच्या बायाही आहेत.

भरतीची मैदानी चाचणी पन्नास गुणांची असते. पोरींना आठशे मीटर धावायचं, शंभर मीटर धावायचं आणि चार किलोचा गोळा फेकायचा. त्यात निम्मे गुण तरी मिळवावे लागतात, त्याशिवाय लेखी परीक्षेपर्यंत जाताच येत नाही. म्हणजे पुस्तक कितीही पाठ असलं तरी आधी पाय चालले पाहिजेत. आठशे मीटरचे गुण सेकंदांवर ठरतात. काही सेकंद इकडेतिकडे झाले की गुण गेले, आणि गुण गेले की वर्ष गेलं. आपल्याकडे पोरीचं वर्ष गेलं म्हणजे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. ‘एक संधी दिली, आता पाहुणे यायचे आहेत.’

आता त्यांच्या पायांकडे पाहा. मी ज्या पोरींशी बोलले त्यांतल्या कितीतरी जणींच्या पायात भावाचे जुने बूट होते. बूट मोठा म्हणून पुढे चिंधी कोंबलेली. काही शाळेतले पांढरे कॅनव्हासचे बूट घालून धावत होत्या, तळ इतका झिजलेला की खडा टोचतो. एक जण सरळ अनवाणी होती. ती म्हणाली, ‘ताई, बुटानं फोड येतात, त्यापेक्षा हे बरं.’ एकीच्या पोटरीच्या पुढच्या हाडात महिनाभर ठणका होता. आईला सांगितलं तर धावणं बंद करतील, म्हणून तिने सांगितलंच नव्हतं. रात्री गुपचूप तेल चोळायची आणि पहाटे पुन्हा डांबरावर. दुखणं लपवायची सवय आपल्याला लहानपणापासून लागते, ती इथेही कामाला येते.

त्याच घरात भावाला नवे बूट मिळाले होते. त्याचीही भरती होती, त्याला सोळाशे मीटर होते. आई म्हणाली, ‘त्याला जास्त धावायचं असतं.’ खरं तर पोरीला भावाच्या बुटात धावायचं होतं, ते कुणी अंतरात धरलं नाही.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, ठीक आहे, पोरीला बूट घेऊन द्या, प्रश्न मिटला. आम्ही काही जणी तीन पोरींना घेऊन बाजारात गेलो. दुकानदार भला माणूस होता. त्याने ‘लेडीज’ म्हणून जे जोड काढले ते गुलाबी होते, जांभळे होते, फुलाफुलांचे होते. दिसायला छान, पण तळ वाकवून पाहिला तर मधोमध घडी पडते. धावायला चालतील असे बूट मागितले तेव्हा त्याने पुरुषांच्या जोडांतला सगळ्यात लहान नंबर काढला. पोरीने घालून पाहिला. चवड्याला घट्ट आणि टाचेला ढिला. दुकानदार म्हणाला, ‘बायांचे पायच असे असतात.’

मैत्रिणींनो, हे वाक्य लक्षात ठेवा. ब्लाउज बसला नाही तर बाईचं अंग वाईट, बसची पायरी उंच असली तर बाई बुटकी, विळा हातात मावला नाही तर बाई नाजूक. वस्तूत खोट आहे असं कुणी म्हणत नाही.

बूट एका साच्यावर ओढून शिवला जातो. तो साचा ज्याच्या पायावरून घेतला, त्याच्या पायाला बूट बसतो. धावायच्या बुटांचे साचे फार वर्षं पुरुषाच्या पायावरून घेतले गेले, आणि बाईसाठी तोच साचा लहान करून, वर वेगळा रंग देऊन विकला गेला. पण बाईचा पाय हा पुरुषाचा लहान केलेला पाय नाही. साधारणपणे बाईची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते. म्हणून पुरुषाचा लहान नंबर घेतला की एकतर चवडा आवळतो, नाहीतर टाच सुटते. टाच सुटली की पाय आत घसरतो, फोड येतात, नखं काळी पडतात.

त्यात आपल्या बायांचं आणखी एक. जन्मभर वावरात अनवाणी नाहीतर सपाट चपलेत चाललेला पाय पुढून पसरतो, बोटं मोकळी होतात. तो चांगला, मजबूत पाय असतो. पण बाजारातला निमुळता बूट त्याला गावंढळ ठरवतो. आपल्या देशात बुटांचे नंबर चालत आले ते इंग्लंडचे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरात एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. त्यातून दिसलं की आपल्या लोकांचे पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा रुंद आहेत. त्यावरून भारतीय मापांची नवी पद्धत त्यांनी सुचवली. म्हणजे स्वातंत्र्याला पंच्याहत्तर वर्षं होत आली तेव्हा कुठे आपल्या पायांची एवढी मोजदाद झाली. तोवर आपण पायालाच दोष देत होतो.

पायात काय घालायचं याचं राजकारण आपल्याला नवीन नाही. या सभेत अशा म्हाताऱ्या बाया बसल्या आहेत ज्यांनी पारावरून जाताना चपला हातात घेतल्या आहेत. सासऱ्यासमोर, मोठ्या दिरासमोर पायात वहाण घालायची नाही, हे कित्येक घरांत होतं. दलित वस्तीतल्या माणसांना वरच्या आळीतून वहाणा घालून जायची बंदी होती, आणि त्याच वरच्या आळीच्या पायातली वहाण शिवत होता चर्मकार समाज. कुणाच्या पायात काय असावं, हे जात ठरवत होती, घरातली पायरी ठरवत होती. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी बायांना लुगडं कसं नेसावं, अंगावर काय घालू नये, हे मुद्दाम सांगितलं. एवढ्या मोठ्या लढ्यात त्यांना ती गोष्ट किरकोळ वाटली नाही.

आता धावण्याकडे येते. आठशे मीटर हे अंतर आपल्या पोरींना भरतीत धावावं लागतं, म्हणून त्याची एक गोष्ट सांगते. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिम्पिकमध्ये बायांना पहिल्यांदा आठशे मीटर धावू दिलं. जर्मनीच्या लीना राडके यांनी ती शर्यत दोन मिनिटं सोळा सेकंदांच्या आसपास जिंकली. जपानच्या किनुए हितोमी दुसऱ्या आल्या. शर्यत संपल्यावर काही जणी दमून बसल्या, आडव्या झाल्या. जोरात धावलेला कुणीही माणूस होतो तसंच. पण वर्तमानपत्रांनी असं रंगवलं की बाया कोसळल्या, त्यांची दशा पाहवत नव्हती. डॉक्टर म्हणवणारे पुढे आले आणि म्हणाले, इतकं धावलं तर बाई लवकर म्हातारी होईल, तिला मूल होणार नाही. पुढच्या ऑलिम्पिकपासून ती शर्यतच काढून टाकली. ती परत आली १९६० साली, रोममध्ये. मधली बत्तीस वर्षं ऑलिम्पिकमध्ये बायांना दोनशे मीटरपेक्षा लांब धावायची परवानगी नव्हती. बायांची मॅरेथॉन तर १९८४ साली आली.

त्या बत्तीस वर्षांत आपल्याकडच्या बाया काय करत होत्या? डोक्यावर दोन हंडे घेऊन दीड-दोन मैल चालत होत्या. सरपणाचे भारे वाहत होत्या. दिवस भरेपर्यंत वावरात वाकत होत्या. तेव्हा गर्भाशयाची काळजी कुणाला नव्हती. बाईचे पाय दुसऱ्यासाठी झिजले तर चालतात, ते तिने स्वतःसाठी उचलले की सगळ्यांना तिच्या तब्येतीची आठवण होते.

आम्ही आमच्या गटात काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्हालाही करता येईल. महिन्याच्या बैठकीला रद्दीतले मोठे कागद आणि पेन्सिली आणल्या. पोरींचे पाय मोजायचे होते. वेळ मुद्दाम संध्याकाळची ठेवली, कारण दिवसभर चालून पाय थोडा सुजतो आणि बूट त्या पायाला बसला पाहिजे. कागद जमिनीवर ठेवायचा, त्यावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहायचं, आणि दुसरीने पेन्सिल सरळ उभी धरून पायाभोवती रेघ मारायची. दोन्ही पायांची, कारण कुणाचेच दोन पाय अगदी सारखे नसतात. मोठ्या पायाचं माप धरायचं. टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत लांबी मोजायची. ते बोट अंगठा असेल असं नाही, दुसरंही असेल. आणि चवड्याची रुंदी मोजायची.

हा कागद घेऊन दुकानात जायचं. बुटातला आतला पत्रा, म्हणजे आतली गादी काढून त्या आकृतीवर ठेवायची. आकृती चहूकडून बाहेर येत असेल तर तो बूट आपला नाही, दुकानदार काहीही म्हणो. धावताना घालायचे तेच मोजे घालून बूट पायात चढवायचा. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. टाच घट्ट बसली पाहिजे, नाडी बांधल्यावर वर उचलता कामा नये. बूट चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध नाही. ‘वापरून सैल होईल’ असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. धावायचा बूट पहिल्या दिवशीच सुखाचा वाटला पाहिजे. दुकानात धावून बघायला लाजू नका. भाऊ धावून बघतोच ना?

रंगावर, नावावर पैसे घालायची गरज नाही. महागडा बूट म्हणजे चांगला बूट असं नाही. पण बूट झिजतो हे धरून चाला. साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर धावलं की तळाची लवचीक गादी बसते, वरून बूट नवा दिसला तरी. आठवड्याला तीस किलोमीटर धावणाऱ्या पोरीचा जोड चार ते सहा महिने पुरतो. म्हणजे भरतीच्या वर्षात दोन-तीन जोड लागतील. हा खर्च आधीच धरा. फॉर्मची फी धरता, पुस्तकांचे पैसे धरता, तसेच बूट धरा. सोंगणीच्या चार-पाच दिवसांच्या मजुरीत एक बरा जोड येतो. ती मजुरी पोरीनेच केलेली असते, हेही घरात बोलून दाखवा.

आमच्या बैठकीत पोरींचे पाय मोजून झाले आणि बाया म्हणाल्या, आमचेही काढा. मग सासवांचे, सुनांचे, सगळ्यांचे पाय कागदावर आले. कुणाच्या अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं, कुणाला कुरूप, कुणाच्या टाचेच्या भेगा इतक्या खोल की पेन्सिल अडकायची. एक आजी कितीतरी वेळ आपल्या आकृतीकडे बघत बसल्या. म्हणाल्या, ‘माह्या पायाकडं मी आजच पाह्यलं.’ मग आम्ही म्हटलं, या कागदावरच लिहा. हा पाय कुठे कुठे गेला, आणि त्याला कुठे जायचं होतं. ज्यांना लिहिता येतं त्यांनी लिहिलं, बाकीच्यांनी सांगितलं आणि पोरींनी लिहून घेतलं. एकीने आधी आपल्या आकृतीभोवती पानं-फुलं काढली. दुसरीने मधोमध रेघ मारली, एका बाजूला ‘गेले’, दुसऱ्या बाजूला ‘जायचं होतं’. एकीने उलट्या बाजूने, टाचेकडून लिहायला सुरुवात केली. आम्ही कुणाला असंच लिहा म्हणून सांगितलं नाही. कागद तिचा, पाय तिचा. तो कसा भरायचा ते तिने ठरवायचं.

काय लिहिलं होतं? माहेरून सासरी. वावरात. पाण्याला. दवाखान्यात. शेगावला पायी. कोर्टात. आणि ‘जायचं होतं’ या बाजूला: शाळेत, दहावीनंतरही. मैत्रिणीच्या लग्नाला. लोणारचं सरोवर बघायला, जे घरापासून तासाभरावर आहे. एकीने लिहिलं, ‘कुठंच नाही, नुसतं उगाच फिरायचं होतं.’ या वाक्यावर सगळ्या बाया गप्प झाल्या. ते कागद आम्ही जपून ठेवले आहेत. कुणी विचारलं की तुमच्या गावात बाईच्या हिंडण्या-फिरण्याचा अभ्यास झालाय का, तर हो, झालाय.

स्वतःचं पान स्वतः भरणं ही गोष्ट आपल्या बुलढाण्याला परकी नाही. याच गावात १८५० च्या सुमाराला ताराबाई शिंदे जन्मल्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते आणि सत्यशोधक समाजाचे होते. त्यांनी लेकीला घरीच शिकवलं. १८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःचं नवजात मूल मारल्याच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी झाली. पण वर्तमानपत्रांतून बायकांच्या जातीलाच झोडपणं सुरू झालं. बाई बिघडली, शिकल्याने बिघडली, पायात बूट घालून बिघडली, असाच तो नेहमीचा सूर. विधवेला पुन्हा लग्न करू न देणारे कोण, तिला दिवस जाण्यात वाटा कुणाचा, हे कुणी विचारत नव्हतं. बुलढाण्यात बसून ताराबाईंनी ते विचारलं. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापलं गेलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

त्या पुस्तकात त्यांनी काय केलं बघा. बाईवर जेवढे म्हणून आरोप केले जातात ते त्यांनी एकेक करून हातात घेतले आणि पुरुषाला लावून पाहिले. माप तेच, फक्त ते दोघांना लावलं. आणि हे सगळं त्यांनी पंडिती भाषेत लिहिलं नाही. ओट्यावर बसून बाई भांडते, टोमणे मारते, हसते, तशा रोखठोक मराठीत लिहिलं. पुस्तक कसं असावं याचा साचा तेव्हा पुरुषांच्या हातात होता. ताराबाईंनी तो घेतला नाही. त्याची किंमतही त्यांनी मोजली. टीका झाली. जोतिराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांची बाजू घेतली. पण त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्या हाती आलेलं नाही. पुढे ते पुस्तकही विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापलं, तेव्हा आपल्या पिढीला ताराबाई भेटल्या. नव्वद वर्षांहून जास्त काळ आपल्या गावच्या बाईचं लिहिणं आपल्यालाच माहीत नव्हतं. लिहिलेलं टिकवणं, पुढच्या बाईच्या हातात देणं, हेही काम आहे, ते आपोआप होत नाही.

याच जिल्ह्याची दुसरी बाई तुम्हाला माहीत आहे. लताबाई करे. मजुरीसाठी नवऱ्यासोबत बारामतीकडे गेल्या. नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते म्हणून साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारी लुगड्यात, अनवाणी, ज्येष्ठांच्या शर्यतीत धावल्या आणि पहिल्या आल्या. त्यांच्यावर ‘लता भगवान करे’ नावाचा चित्रपट २०२० साली आला. त्यात त्यांनी स्वतःच काम केलं, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्या चित्रपटाची खास दखल घेतली गेली. लताबाईंबद्दल मला अपार आदर आहे. आपण त्यांचा फोटो आपल्या कार्यालयात लावला पाहिजे.

पण त्यांचं कौतुक ज्या पद्धतीने होतं त्यावर मला बोलायचं आहे. ‘अनवाणी धावली, पतीसाठी धावली.’ सावित्रीची गोष्ट नव्याने सांगितल्यासारखं. त्या अनवाणी का होत्या, हे विचारलं जात नाही. मजुरी करणाऱ्या कुटुंबाला साध्या तपासणीसाठी शर्यत जिंकावी लागते, याची लाज कुणाला वाटत नाही. गरिबी बाईच्या अंगावर आली की तिचा दागिना करून टाकतात. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत, साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या ललिता बाबर, याही अशाच खेड्यातून, डोंगरातून आल्या. कविता राऊतांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये पदक मिळवलं. ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचल्या. तिथपर्यंत त्या अनवाणी पोचल्या नाहीत. त्यांना मैदान मिळालं, शिकवणारे मिळाले, पायाला बसणारे बूट मिळाले, आणि मग त्यांच्यात काय होतं ते जगाला दिसलं. आपल्या गावातल्या पोरींमध्ये काय आहे ते आपल्याला अजून दिसलेलंच नाही.

आणि अजून एक. भरतीसाठी धावायला परवानगी आहे, नवऱ्यासाठी धावलं तर कौतुक आहे. मग भरतीत निवड झाली नाही त्या पोरीचं काय? तिचे बूट दुसऱ्या दिवशी माळ्यावर जातात. एक जण मला म्हणाली, ‘ताई, मला नोकरी नाही मिळाली त्याचं वाईट वाटलं, पण पहाटेचं धावणं बंद झालं त्याचं जास्त वाटलं. तेवढाच एक तास माझा होता.’ मैत्रिणींनो, या एका तासावर आपण बोलत नाही. नोकरी, आरोग्य, संरक्षण ही कारणं खरी आहेत, ती आपण पुढे करतो आणि करावीत. पण बाईला उगाच धावावंसं वाटतं, दम लागेपर्यंत धावून वाऱ्यावर उभं राहावंसं वाटतं, हे कारण म्हणून पुरेसं आहे, असं आपण तरी म्हणायला हवं.

आता करायचं काय, ते थोडक्यात सांगते आणि थांबते.

एक, प्रत्येक गटाने पुढच्या बैठकीत पाय मोजायचे. म्हाताऱ्यांचेही. त्या कागदावर प्रत्येकीने आपल्याला हवं तसं लिहायचं. ते कागद गटाकडे ठेवायचे.

दोन, धावणाऱ्या पोरींना एक वही द्यायची. किती अंतर, किती वेळ, पाळी कधी आली, कुठे दुखलं, रस्त्यात कुणी त्रास दिला का, कुठल्या दिवशी बूट घेतले. दुखणं आणि त्रास लिहिला की तो लपत नाही. आणि वही दुसऱ्या कुणी तपासायची नाही, बापाने नाही, आपणही नाही. तिला दाखवावीशी वाटली तर दाखवेल.

तीन, ग्रामसभेत मैदानाचा विषय लावून धरायचा. पंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे लागतात. ते शिलाई मशीनवर आणि हळदीकुंकवाच्या वाणावर संपतात, कागदावर तर आणखी कशाकशावर. निम्म्या जागांवर बाया निवडून आल्या आहेत, त्यांतल्या काही आज इथे आहेत. त्यांना माझं सांगणं, पोरींसाठी सपाट केलेला दोनशे मीटरचा मातीचा फेरा, दोन दिवे आणि एक संडास, एवढं मागा. डांबरावर, ट्रकच्या दिव्यांत आपल्या पोरी धावतात, ते थांबलं पाहिजे. पोरी थांबता कामा नयेत.

चार, भरतीत निवड न झालेल्या पोरींची यादी करा आणि त्यांच्या घरी जा. धावणं चालू ठेवायचं का, हे त्यांना विचारा. हो म्हणाल्या तर त्यांच्याबरोबर उभ्या राहा. आपल्यातल्या चार जणी पहाटे त्यांच्यासोबत बाहेर पडल्या तर कुणाची हिंमत होणार नाही बोलायची. धावता आलं नाही तर भरभर चालू. लुगड्यात, साडीत, सलवारीत, ज्यात सोयीचं वाटेल त्यात. पायात मात्र आपल्या मापाचं काहीतरी असू द्या.

चहा झाला की पेन्सिली आणि कागद बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत. जाण्याआधी प्रत्येकीने दोन्ही पायांचं माप काढून न्यायचं आहे.